कोर्लईची बोली 'मोडकी' नाही

रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावावरचा तुमचा लेख वाचला. तिथल्या ख्रिस्ती लोकांची बोली म्हणजे 'मोडकी पोर्तुगीज', हे त्यातलं विधान पटलं नाही. नोउ लिंग, म्हणजे 'आपली भाषा', हिला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. मोडकी भाषा इतकी शिस्त पाळत नाही!

शिवाय चर्चचा भाग लेखात फारच त्रोटक आलाय. १७४० मध्ये कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज अंमल संपला. तरी माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू १९६० च्या दशकापर्यंत येत राहिले, त्यामुळे कानावर ती भाषा पडत राहिली. पुढे उपासना मराठीत झाली आणि शाळा तर मराठीच. बोलीतले जुने शब्द तिथून झपाट्यानं मागे पडले. हे यायलाच हवं होतं.