आयोवाच्या शेतकऱ्याने खरंच कधी सरकारपुढे हात पसरला नाही?

कर्जमाफीची मागणी पुढे आली की एक मजकूर गावोगावच्या ग्रुपांवर पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: ‘अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या शेतकऱ्याचा पणजोबा रिकाम्या हाताने आला. कुणाच्याच मालकीची नसलेली ओसाड जमीन त्याने नांगराखाली आणली. चार पिढ्यांत त्याने सरकारकडे काही मागितलं नाही, कर्ज थकवलं नाही, संप केला नाही. म्हणून आज तो शेकडो एकरांचा धनी आहे, आणि आपला शेतकरी नुसता रडतोय.’

हे वाचून मान डोलावणाऱ्यांत शेतकऱ्यांचीच शिकलेली मुलं असतात, याचं मला फार वाईट वाटतं. खोट्या इतिहासाच्या आधारावर ती आपल्याच बापाला कमी लेखतात. म्हणून या मजकुराची एकेक ओळ तपासू. त्यासाठी घराणंही असं घेऊ, ज्याचं नाव आपल्याकडे आदराने घेतलं जातं: गव्हाच्या बुटक्या वाणांचे जनक नॉर्मन बोरलॉग यांचं. मिडवेस्टमधल्याच आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याच्या पोटी 25 मार्च 1914 रोजी त्यांचा जन्म झाला. पणजोबा आणि पणजी 1854 मध्ये नॉर्वेतून निघून विस्कॉन्सिन राज्यातल्या डेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आले. पुढे हे कुटुंब आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या साउड या नॉर्वेजियन वस्तीत स्थिरावलं.

‘रिकाम्या हाताने आला’ हे बऱ्याच अंशी खरं आहे. नॉर्वेत समुद्राच्या खाड्या आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत शेती चालायची. कुटुंब वाढलं की वाटणीला काही उरत नसे. माणसं पोटासाठीच बाहेर पडली. मात्र ती एकटी पडली नव्हती. आधी गेलेले नातेवाईक आणि गाववाले मागच्यांना बोलावून घेत. एकाच खोऱ्यातली माणसं जवळजवळ राहत, आपलं चर्च उभारत, मळणीला एकमेकांच्या शेतावर जात. साउडपासून थोड्याच अंतरावर प्रोटिव्हिन हे चेक लोकांचं गाव वसलं, तेही असंच. ‘एकट्याच्या हिमतीवर’ हा शब्दप्रयोग त्या लोकांनाही पटला नसता.

‘कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन’ ही मात्र या मजकुरातली सगळ्यात मोठी लबाडी आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. डेन काउंटीचा परिसर हो-चंक या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा. 1832 च्या करारात त्यांना तो सोडावा लागला. 1840 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना मिसिसिपी ओलांडून आयोवाच्या ईशान्येकडच्या ‘न्यूट्रल ग्राउंड’ या पट्ट्यात नेलं आणि ते तिथेच राहावेत म्हणून फोर्ट अ‍ॅटकिन्सन हा किल्ला बांधायला घेतला. बोरलॉग कुटुंब पुढे जिथे शेती करू लागलं ती हॉवर्ड काउंटी याच पट्ट्यातली. 1846 मध्ये आणखी एक करार झाला आणि 1848 मध्ये हो-चंकांना तिथूनही उठवून मिनेसोटात पाठवलं गेलं. 1862 मध्ये मिनेसोटात डाकोटा या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचं अमेरिकेशी युद्ध पेटलं. त्यात हो-चंकांचा जमात म्हणून सहभाग नव्हता, तरी 1863 मध्ये त्यांना साउथ डाकोटाच्या रखरखीत क्रो क्रीकवर हाकललं. तिथून उरलेसुरले लोक नेब्रास्कात पोहोचले.

म्हणजे बोरलॉग घराण्याची दोन्ही बिऱ्हाडं एकाच जमातीच्या जमिनीवर पडली. जमात उठवली गेली तेव्हा हे कुटुंब अजून नॉर्वेतच होतं, त्यामुळे व्यक्तिगत दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण जमीन रिकामी होती म्हणायचं, तर ती कुणी रिकामी केली हेही सांगावं लागेल. आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच येत नाही. आयोवातून घालवलेल्या मेस्क्वाकी या आणखी एका मूळनिवासी जमातीच्या लोकांनी 1857 मध्ये टामा काउंटीत 80 एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली, आपल्याच मुलखात. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात.

आता ‘सरकारकडे काही मागितलं नाही’ हा मुद्दा. सरकारने जमीन ताब्यात घेतली, एकेका चौरस मैलाचे सेक्शन पाडून, छत्तीस सेक्शनांची एक टाउनशिप धरून मोजणी केली आणि ती विकायला काढली. किमान दर होता एकरी सव्वा डॉलर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जवळपास फुकट मिळू लागले. किरकोळ शुल्क भरायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची. मालाला बाजार दाखवणाऱ्या रेल्वे कंपन्यांनाही सरकारने लाखो एकर जमीन दिली. प्रत्येक टाउनशिपमधला सोळावा सेक्शन शाळांसाठी राखून ठेवला जाई.

एका खोलीच्या आणि एका मास्तरच्या अशाच सार्वजनिक शाळेत नॉर्मन आठवीपर्यंत शिकले. घरची शेती 106 एकरांची. मका, ओट, गुरं, डुकरं, कोंबड्या. कष्ट अतोनात, पैसा बेताचा. आजोबा नेल्स यांनी नातवाला शिकण्याचा आग्रह धरला. 1933 मध्ये तो मिनेसोटा विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ ‘लँड ग्रँट’ परंपरेतलं, म्हणजे 1862 च्या मॉरिल कायद्याने केंद्राने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर पोसलेलं. शिक्षणाला पैसे कमी पडले तेव्हा त्याने बेरोजगारांसाठीच्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी योजनेत काम केलं. पोटात अन्न गेल्यावर माणूस कसा बदलतो हे आपण तिथे पाहिलं, असं बोरलॉग पुढे सांगत. आपल्याकडे ज्याला रोजगार हमी म्हणतात, त्याच जातकुळीची ही योजना.

‘कर्ज थकवलं नाही, संप केला नाही’ असं लिहिणाऱ्याने 1932 आणि 1933 ही दोनच सालं वाचावीत. मक्याचा भाव इतका पडला की कोळसा घेण्यापेक्षा मकाच चुलीत घालणं परवडू लागलं. आयोवात मायलो रेनो यांच्या नेतृत्वाखाली ‘फार्म हॉलिडे असोसिएशन’ने माल बाजारात न नेण्याचा संप पुकारला. रस्ते अडवले गेले, दूध ओतलं गेलं. बँकेने जप्ती आणली की शेजारीपाजारी लिलावाला गर्दी करत, गायीला आणि नांगराला काही सेंटांची बोली लावत आणि सगळं मूळ मालकाला परत देऊन टाकत. बाहेरच्या कुणी चढी बोली लावायची हिंमत करू नये, याची चोख व्यवस्था असे. एप्रिल 1933 मध्ये ले मार्स गावी जमावाने न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि त्याच्या गळ्यात दोर टाकला, कारण जप्तीचे हुकूम न देण्याची शपथ घ्यायला तो तयार नव्हता. गव्हर्नरने मार्शल लॉ पुकारला. न्यायाधीशाशी झालेल्या त्या वागणुकीचं समर्थन मी करणार नाही. पण ती माणसं निमूट सोसणारी होती, ही थाप आहे.

त्यांना काय मिळालं तेही सांगतो. मिनेसोटाने 1933 मध्ये गहाण जमिनींच्या वसुलीला मुदतवाढ देणारा कायदा केला आणि 1934 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. केंद्राने पेरा कमी करण्यासाठी पैसे दिले, मका तारण ठेवून बुशेलला (सुमारे 25 किलोला) 45 सेंट उचल दिली. 1930 च्या दशकाच्या मध्यावर दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. सरकारी कर्जावर उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांनी ती बाकीच्यांच्या दारात नेली.

पुढे 1980 च्या दशकात पुन्हा तेच घडलं. 1981 ते 1986 या काळात आयोवातल्या जमिनीची किंमत साठ टक्क्यांहून जास्त कोसळली. चढ्या व्याजाने कर्ज घेतलेली कुटुंबं बुडाली. शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. विदर्भ आणि मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1986 मध्ये शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरीचं स्वतंत्र कलम आलं, आणि 1987 मध्ये डबघाईला आलेल्या शेती पतसंस्थांना सावरायला 4 अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद झाली. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर चीनशी व्यापारयुद्धात सोयाबीनचा भाव पडला तेव्हाचं घ्या. 2018 आणि 2019 च्या हंगामांसाठी शेतकऱ्यांना 20 अब्ज डॉलरहून जास्त भरपाई थेट दिली गेली. पीकविम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा तर सरकार दरवर्षी भरतंच. सरकारच्या धोरणाने पडलेल्या भावाची भरपाई तिथे रास्त मानली जाते, आणि निर्यातबंदीनंतर नाशिकच्या कांदा उत्पादकाने तेच मागितलं की तो ऐतखाऊ ठरतो. का?

राहिलं ‘म्हणून आज तो शेकडो एकरांचा धनी आहे’. 2022 च्या कृषी गणनेनुसार अमेरिकेतली सरासरी शेती 463 एकर आहे, आणि महाराष्ट्रातली 2015-16 च्या गणनेनुसार 1.34 हेक्टर, म्हणजे सुमारे 3.3 एकर. पण त्या 463 मागे आणखी एक आकडा आहे. 1935 मध्ये अमेरिकेत 68 लाख शेतं होती, आता 19 लाख उरली आहेत. शेजाऱ्याचं शेत विकलं गेलं तेव्हाच उरलेल्याचं वाढलं. आयोवात शंभर वर्षं एकाच घराण्याकडे राहिलेल्या शेतांचा 1976 पासून सन्मान होतो, आणि तो व्हायलाच हवा. ज्यांची शेतं गेली त्यांची नातवंडं शिकागोत किंवा मिनियापोलिसमध्ये नोकरी करतात. त्यांच्या पणजोबाने कमी कष्ट केले होते, असं कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. शिवाय आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन भाडेपट्ट्याने कसली जाते. तिथेही कसणारा आणि धनी बऱ्याचदा वेगवेगळे असतात.