"आय७ मागितला, आय५ माथी मारला" या रिव्ह्यूला दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. घरासाठी हौसेनं घेतलेल्या लॅपटॉपमुळे तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आमच्या दुकानातल्या मुलानं शेवटी तुटक उत्तरं दिली असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याशी मी बोललो आहे.

पण तुमची एक ओळ फार लागली. "आय७ मागितला तर कमिशनसाठी आय५ माथी मारला, इथे जुना माल खपवतात." (आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपची, नावं.) आज दुपारी आलेल्या एका गृहस्थांनी काउंटरवर उभं राहून हीच ओळ मला त्यांच्या मोबाइलवर दाखवली आणि "जरा विचार करून येतो" म्हणून निघून गेले. ते काही परत आले नाहीत. माझ्या घराशिवाय आणखी दोन घरं या दुकानावर चालतात, त्यामुळे या एका ओळीचं उत्तर मला नीट द्यावंच लागेल.

तुमची गरज तुम्ही स्वतः फार छान सांगितली होती. मुलाचा अभ्यास आणि ऑनलाइन क्लास, घरचा हिशोब, फोटो साठवणं, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही, आणि पुढची काही वर्षं पुन्हा खर्च नको. एवढं स्पष्ट सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. मग तुमच्या भावांचा फोन आला आणि स्पीकरवर ते म्हणाले, "आय७च घे, दुसरं काही ऐकू नकोस." तिथून पुढे माझं बोलणं तुम्हाला विक्रेत्याचं बोलणं वाटायला लागलं, हे मला तेव्हाही जाणवलं होतं.

त्या दिवशी दुकानात आय७ एकच होता. आय७-१०५१०यू, ८ जीबी रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी). सीलबंद, पण हा प्रोसेसर इंटेलनं २०१९ साली आणलेला. जुना माल म्हणायचाच तर तो होता, ताई. त्यात माझे पैसे अडकले होते, आणि तुम्ही घेतलेल्या लॅपटॉपच्या आणि त्याच्या किमतीत फारसं अंतरही नव्हतं. मी फक्त "हो, घ्या" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत बिल झालं असतं. भाऊ खूश, तुम्ही खूश, माझा माल मोकळा. "हा तुमच्या कामाचा नाही" असं मीच सांगितलं. आणि त्याच संध्याकाळबद्दल मी जुना माल खपवला असं वाचायला मिळालं.

तो का नको म्हटलं, ते पुन्हा सांगतो. आय३, आय५, आय७ हे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांचे दर्जे आहेत. पिढी कोणती ते त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. १०५१०मधले १० म्हणजे दहावी जनरेशन. तुम्हाला दिलेल्या आय५-१३३५यूमधले १३ म्हणजे तेरावी, आणि हा प्रोसेसर २०२३ सालचा. जुन्या पिढीच्या वरच्या दर्जापेक्षा नव्या पिढीचा मधला दर्जा सरस असू शकतो, आणि इथे तो आहे. त्या आय७मध्ये ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), एका वेळी ८ कामं हाताळणारे. तुमच्या आय५मध्ये १० कोअर आहेत, २ मोठे आणि ८ लहान, एका वेळी १२ कामं हाताळणारे. लहान कोअर मागची किरकोळ कामं कमी विजेत उरकतात आणि मोठे तुमच्या समोरच्या कामाला मोकळे राहतात. शेवटचा यू दोन्हीकडे सारखाच, म्हणजे कमी विजेवर चालणारा. शेवटी एच असतो तो जास्त ताकदीचा, पण तापतोही जास्त आणि बॅटरीही लवकर संपवतो. घरच्या कामाला त्याची गरज नसते.

आणि तुमचा जुना लॅपटॉप आठवा. तुम्ही तो पिशवीतून सोबत आणला होता, म्हणून मी उघडून पाहिला. तोही आय७च होता! आय७-७५००यू, २०१६चा, अवघे २ कोअर. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, कारण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते. विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणूनच तर तुम्हाला नवीन लॅपटॉप घ्यावा लागला. प्रोसेसरवर नुसतं आय७ लिहिलेलं असून भागत नाही, हे तुमच्या घरातच दिसत होतं. मी हे तेव्हाही म्हणालो होतो, पण फोन सुरू होता.

आता रॅमचं. माझ्या मते घरच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरपेक्षा आधी हीच बघावी. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टनं किमान ४ जीबी सांगितली आहे, पण तेवढ्यात विंडोज सुरू होतं इतकंच. एकट्या माणसाला मेल आणि बँकेपुरतं ८ जीबीत चालतं, ते मी नाकारत नाही. तुमच्याकडे मात्र एकाच मशीनवर मुलाचा क्लास चालू, ब्राउझरमध्ये डझनभर टॅब उघडे, त्यातच एक्सेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की स्क्रीनचं कामही त्याच रॅममधून वाटा घेतं. त्या आय७मध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली होती, नंतर वाढवायची सोय नाही. तुमच्यात १६ जीबी आहे. पाच वर्षं काढायची असतील तर हा फरक आय५-आय७च्या फरकापेक्षा मोठा आहे, हे मी कुणालाही सांगेन.

"पहिल्याच दिवशी हळू चालतोय आणि पंखा वाजतोय" असंही तुम्ही लिहिलंय. नवीन लॅपटॉप इंटरनेटला जोडला की विंडोजचे साठलेले अपडेट उतरायला लागतात, फाइलींची अनुक्रमणिका बनते, सोबत आलेला चाचणीपुरता अँटीव्हायरस सगळं तपासत बसतो, आणि तुम्ही जुने फोटो वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) टाकले असतील तर तेही काम त्याच वेळी. त्या दिवशी पंखा वाजणारच. चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, अपडेट संपले की रीस्टार्ट करा आणि मग बघा. हे बिल देताना सांगितलं होतं. पण तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली होती, आणि पिशव्या, मुलं, फोन या गडबडीत ते लक्षात राहिलं नसेल.

फाइली साठवायची जागा ५१२ जीबीऐवजी ४७६ दिसते, त्याचंही उत्तर देतो, कारण वाचणाऱ्याला वाटेल की मध्ये कुणी काही काढून घेतलं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे जास्त धरतं. भागाकार करून पाहा, ५१२चे ४७६च येतात. जगातल्या कुठल्याही दुकानातून घेतला तरी विंडोज हाच आकडा दाखवेल.

बॅटरी दहा तास चालत नाही, या तक्रारीबद्दल. दहा तास हा खोक्यावरचा आकडा. अशा चाचण्या साधारणपणे स्क्रीनचा उजेड कमी ठेवून, सलग व्हिडिओ चालवून घेतात. तुमची बॅटरी ५० वॉट-अवरची आहे. लॅपटॉप सरासरी ५ वॉट खात असेल तर दहा तास, १० वॉट खात असेल तर पाच. पूर्ण उजेडात व्हिडिओ कॉल म्हणजे दुसरा हिशोब.

लॅपटॉप परत घेण्याबद्दल. सील फोडून, तुमचं अकाउंट टाकून सुरू केलेला लॅपटॉप बिघाड नसताना कंपनी आमच्याकडून परत घेत नाही. तो मी ठेवून घेतला तर नवीन म्हणून दुसऱ्याला विकता येणार नाही, आणि तसा मी विकणारही नाही.

काही गोष्टी आम्हीही सुधारतोय. बिलासोबत पहिल्या दिवशी काय करायचं याचा एक कागद द्यायचा विचार आहे. गर्दीच्या वेळी माणूस वाढवता येईल का, तेही बघतो.

अजूनही लॅपटॉप अडखळत असेल तर कुठल्याही दिवशी घेऊन या, सकाळी आलात तर निवांत बसता येईल. सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद करून देतो, अँटीव्हायरसचं काय ते बघतो, जुन्या लॅपटॉपमधले उरलेले फोटोही यात घालून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. भावांनाही सोबत आणा. तो आय७ अजून इथेच आहे, दोन्ही शेजारी ठेवून एकच काम दोन्हींवर करून दाखवतो. त्यानंतरही तुम्हाला तुमची ओळ बरोबर वाटली तर ती तशीच राहू द्या. नाही वाटली, तर तेवढे "जुना माल" हे दोन शब्द काढा, एवढीच विनंती आहे.

आपला,
दुकानाचा मालक