आधी दुखणं ऐका, वजन नंतर करा

बाई दवाखान्यात गेली की तिचं दुखणं ऐकण्याआधी दोन प्रश्न ठरलेले असतात. वजन किती? लग्न झालंय का? सोलापुरातल्या माझ्या विद्यार्थिनींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

एम.ए.ची एक मुलगी. पाळी दहा-दहा दिवस चालायची, कॉलेजचा जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "आधी वजन उतरव. लग्न झालं की बाकीचं होईल नीट." पोरीनं रात्रीचं जेवण सोडलं. पुढे एके दिवशी वर्गातच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7. बाईचं 12च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तिची आई विड्या वळते. मला म्हणाली, "अंगानं चांगली भरलेली दिसती की ओ मॅडम, रक्त नाही म्हणून मला काय कळणार?"

आईला कळलं नाही हे मी समजू शकते. डॉक्टरांना कळायलाच हवं होतं. चहा-खारी आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या मुलीचं वजन वाढतं, रक्त वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे दारातून आत येणाऱ्या दोघींपैकी एक. तरी पहिली नजर कमरेवरच जाते.

आणि त्या आईचं काय? मांडीवर सूप, मान खाली, नाकातोंडात तंबाखूची धूळ, असं वर्षानुवर्षं. पाठ धरली तर तिलाही "वजन कमी करा, वय झालं" हेच उत्तर. मग ती दुखणं अंगावर काढते आणि घरचे म्हणतात, सहनशील आहे.

मी याला फक्त एखाद्या डॉक्टरचा उद्धटपणा मानत नाही. मुळात ज्ञानच तसं घडलंय. ज्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या आकड्यावर, आपल्याला जाड-बारीक ठरवतात, त्याचं गणित एकोणिसाव्या शतकात केटले या बेल्जियन गणितज्ञानं मांडलं. तो डॉक्टर नव्हता, त्याला लोकसमूहाची सरासरी काढायची होती. 1972 मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही पुरुषांची मापं तपासून. 1977 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं. ते धोरण बदलायला 1993 उजाडलं. झोल्पिडेम हे झोपेचं औषध बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून त्यांचा डोस निम्मा करा, हे सांगायला 2013! तोवर बायका पुरुषांचाच डोस घेत होत्या आणि सकाळी गुंगी आली की आळशी ठरत होत्या.

आता आमच्या शिक्षणक्षेत्राकडे या. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. मोहोळ, अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या मुली घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाहीत. बाटली दप्तरात भरलेली असते, घोट घेत नाहीत. का, तर कॉलेजच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, नळाला पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही. मग लघवीला जळजळ, ताप, गैरहजेरी. शेवटी 75 टक्के हजेरी भरली नाही म्हणून पालकांना बोलावणं. ही आरोग्याची गोष्ट आहे आणि शिक्षणाचीही. दोन्ही खात्यांना मात्र ती आपली वाटत नाही.

संशोधन करणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. पीएचडीच्या सादरीकरणाला उभी राहिली की "मॅडम, तब्येत सुधारली" ही पहिली प्रतिक्रिया, प्रकरणांवर बोलणं नंतर. बाळंतपण आलं की मार्गदर्शकाचा चेहरा पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या स्त्रीला 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. हे मुलींना कुणी सांगत नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकेची अवस्था त्याहून वाईट. तास घेतला तर पैसे, नाहीतर नाही. नववा महिना असो की ओली बाळंतीण, हिशेब तासांचाच. रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूतिलाभ मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली महापालिकेच्या खटल्यात 2000 सालीच सांगितलंय. रस्ता बांधणाऱ्या मजूर बाईला जो हक्क आहे तो पदवीचे वर्ग शिकवणारीला कसा नाही, हे मला संस्थाचालकांकडून ऐकायचंय.

माझ्या मुलींना मी एवढंच सांगते. डॉक्टरांनी वजनावर बोट ठेवलं तर म्हणा, "ते करू, पण आधी रक्त तपासायला लिहून द्या." एकटीला धीर होत नसेल तर मैत्रिणीला सोबत न्या, मला हाक मारा, मी येते. आणि रजेचा अर्ज तोंडी देऊ नका. लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. नियमाची प्रत हवी असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.