कारपूल लेनमधली एकटी दुचाकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सॅन होजे ते क्युपर्टिनो हा कॅलिफोर्नियातल्या २८० महामार्गावरचा रोजचा प्रवास मी मोटारसायकलने कसा करते, या माझ्या मागच्या लेखावर आपण सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की विजेवरच्या गाड्यांची कारपूल लेनमधली (एकाहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमधली) सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, आपल्यासारखे एकट्याने जाणारे चालक पुन्हा गर्दीत आले, आणि मी मात्र एकटी असूनही त्या लेनमधून जाते. शिवाय ती लेन तुंबली की दोन रांगांच्या फटीतून पुढे सटकते. हा पुण्याचा खाक्या कॅलिफोर्नियात कशाला, असेही आपण विचारले आहे.

त्या सवलतीचा स्टिकर गेल्याची चुटपुट मी समजू शकते. पण आपली सवलत आणि दुचाकीची परवानगी या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. विजेवरच्या गाड्यांना दिलेली सूट हे लोकांनी त्या गाड्या घ्याव्यात म्हणून दाखवलेले आमिष होते आणि त्याला मुदत होती. दुचाकीला कारपूल लेनमध्ये येऊ द्यावे, हे मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच आहे, आणि एखाद्या राज्याला तिला अडवायचे असेल तर तिच्यामुळे धोका निर्माण होतो हे त्या राज्याला दाखवून द्यावे लागते. यामागचा विचार माणसे मोजण्याचा नाही. थांबत-थांबत सरकणाऱ्या रांगेत दुचाकीस्वाराला सर्वांत मोठी भीती मागून येणाऱ्या गाडीची असते, म्हणून तिला वाहते ठेवलेले बरे, असा तो हिशेब आहे.

मग कारपूल लेन मिळूनही फटीतून का जायचे, हा आपला आक्षेप जास्त वजनदार आहे. कारपूल लेन स्वतःच थांबली की मागून धडक बसण्याची तीच भीती पुन्हा उभी राहते, एवढेच माझे उत्तर आहे. दोन रांगांमधून जाण्याला इथे लेन स्प्लिटिंग म्हणतात. राज्याचे तेव्हाचे आमदार बिल क्वर्क यांनी मांडलेले विधेयक २०१६ साली मंजूर झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून राज्याच्या वाहन कायद्यात त्याची व्याख्या आली. ती व्याख्या फक्त जमिनीला दोन चाके टेकणाऱ्या मोटारसायकलपुरती आहे. तीनचाकी मोटारसायकलवाल्यांनी उगाच हुरळून जाऊ नये. यूटा आणि ॲरिझोना या राज्यांनी नंतर दिलेली मुभा याहून बरीच आखडती आहे: समोरची वाहने पूर्ण थांबलेली असावीत आणि दुचाकीचा वेग ताशी १५ मैलांच्या आत असावा. आपला राग समजा तिथल्या नियमांवर बेतलेला असेल, तर तो कॅलिफोर्नियाला लागू होत नाही.

आता पुण्याबद्दल. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दुचाकी येणार हे प्रत्येक चालक गृहीतच धरून असतो. इथला चालक तसे काहीच गृहीत धरत नाही, आणि म्हणूनच पुण्याची सवय इथे घातक ठरते, हे मला आपल्याइतकेच मान्य आहे. एकदा सकाळी वुल्फ रोडच्या अलीकडे कारपूल लेन ताशी ५५ मैलांनी वाहत होती आणि शेजारची लेन ठप्प होती. मी फटीत नव्हते, कारपूल लेनच्या मधोमध होते. ठप्प रांगेतल्या एका सेडानचे पुढचे चाक डावीकडे वळलेले मला दिसले. इंडिकेटर नंतर लागला. चाकाकडे लक्ष नसते तर हे उत्तर लिहायला मी उरले नसते. तेव्हापासून शेजारची रांग थांबलेली असली की मी कारपूल लेनमध्येही वेग उतरवते, मागचा हॉर्न वाजवो की न वाजवो.

एका बाबतीत मात्र आपण मला बरोबर पकडलेत. रांगेपेक्षा ताशी १० मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये आणि रहदारी ३० मैलांच्या पुढे गेली की फटीतून जाणे थांबवावे, असा कायदा असल्याचे मी लिहिले होते. तो कायदा नाही. हायवे पेट्रोलने, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांनी, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये ते आकडे होते. रीतसर प्रक्रिया न करता नियम केल्याची तक्रार आल्यावर २०१४ मध्ये त्या मागे घेतल्या गेल्या, आणि २०१८ च्या नव्या सूचनांमध्ये असे आकडे नाहीत. मी ते आकडे स्वतःपुरते पाळते, पण पाळणे वेगळे आणि कायदा म्हणून सांगणे वेगळे. लेखातले ते वाक्य बदलले आहे. बर्कली विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासाचा मी दिलेला दाखलाही अपुरा होता. सुमारे ६,००० अपघातांच्या त्या पाहणीत फटीतून जाणाऱ्यांना डोक्याच्या दुखापती कमी झाल्याचे दिसले खरे, पण ती पाहणी अपघात झालेल्यांचीच होती. फटीतून गेल्याने अपघात वाढतात की घटतात, याचे उत्तर तिच्यातून निघत नाही.

राहता राहिली दुहेरी रेषा. लॉस एंजेलिसकडे कारपूल लेन अनेक ठिकाणी सलग दुहेरी रेषांनी वेगळी केलेली असते आणि त्या ओलांडून आत-बाहेर करण्याची मनाई दुचाकीलाही आहे. २८० वरच्या माझ्या टप्प्यात तुटक रेषा आहे, म्हणून मी तिथून आत जाते. दक्षिणेकडे गेले की रेषा तुटक होईपर्यंत मुकाट्याने थांबते.