जर्मनीचं उदाहरण देताना जरा जपून

परवा आमच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर चांगलीच जुंपली. मावसबहिणीच्या मुलाला, दुसरीतल्या, शाळेने रायगडाचं मॉडेल करून आणायला सांगितलं, ते अर्थातच ताई आणि दाजींनी रात्री एकपर्यंत जागून थर्माकोलचं केलं, आणि फोटो टाकल्याबरोबर काका म्हणाले की एवढी दणकून फी घेतात तर शिकवायचं काम शाळेचं, आईबापांनी मध्ये पडायचंच कशाला. इथवर ठीक होतं. पण पुढे, "जर्मनीत आईबाप दप्तराला हातसुद्धा लावत नाहीत, विचारा हिला." आणि मला टॅग!

तर आता ऐकाच. माझी मुलगी इथे म्युनिकजवळ चौथीत आहे. पहिलीपासून एकटी चालत शाळेत जाते, हे खरं. शाळा सुटताना कॉलेज रोडला स्कूटर्सची जी झुंबड उडते तसलं काही इथे नाही, हेही खरं (आणि हे मी आईला दर फोनवर ऐकवते, मान्य). पण चौथी लागली की याच शांत लोकांचं काय होतं ते काकांनी येऊन बघावं. मे महिन्यात यूबरट्रिटचं, म्हणजे पुढच्या शाळेत जाण्याचं, सर्टिफिकेट हातात पडतं. जर्मन, गणित आणि एचएसयू (परिसर अभ्यासासारखा विषय), तीन विषयांची सरासरी 2.33 च्या आत असेल (इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला ग्रेड) तर गिम्नाझियम, म्हणजे सगळ्यात वरची शाळा, 2.66 च्या आत असेल तर मधली, रेआलशूल, नाहीतर मिटेलशूल. प्रोबेउंटररिख्ट, म्हणजे चाचणीचे वर्ग, देऊन वरच्या शाळेत घुसता येतं, पण तिथपर्यंत वेळ येऊ नये म्हणून सगळ्यांची धडपड. आमची शेजारीण एरवी मुलांना मोकळं सोडावं यावर तासभर बोलेल, आणि प्रोबेच्या (वर्गातल्या चाचणीच्या) आदल्या दिवशी पोराला अंगणातसुद्धा सोडत नाही. आपल्याकडे दहावीला जे घरात चालतं ते इथे दहा वर्षांच्या पोरांचं चालतं, फक्त कोणी कबूल करत नाही.

म्हणून काकांचं म्हणणं मला पटत नाही. ताईचंही नाही, कारण किल्ला पोराने करायचा होता, वाकडा झाला असता तर झाला असता. पण पालकांनी पडायचं कुठे, तर शाळेच्या कारभारात, आणि तिथे तर नाशिकच्या पालकांना चक्क कायद्याने जागा दिलीय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) मनपाच्या, झेडपीच्या, अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी, त्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या बायका. खासगी शाळांना राज्याचा 2011 चा फीचा कायदा आहे, फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मान्यतेसाठी ठेवावा लागतो. ग्रुपवर फीच्या नावाने बोंबलणाऱ्यांपैकी त्या मीटिंगला कोण जातं? ताईला विचारलं तर म्हणे, आमच्या समितीत कोण आहे तेच माहीत नाही, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे मागायला एक बाई मेसेज करते, तीच असेल.

मला राग येतो तो याचा. बोलायची सोय आहे, मराठीतून आहे, शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि तरी लोक घरी बसून किल्ले बांधतात.

आणि मी? एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, मी त्या बुटक्या खुर्चीवर पूर्ण दोन तास मान हलवत बसते. ऑफिसमध्ये दिवसभर जर्मन बोलते हो, तिथे काही अडत नाही. पण बाई म्हणाल्या की पोरगी वर्गात तोंडी फारसा भाग घेत नाही, मार्कांवर परिणाम होईल, तेव्हा मला विचारायचं होतं की हात वर न करणारी मुलगी म्हणजे न समजणारी मुलगी असं कोणी ठरवलं, आणि तोंडातून निघालं, "हो, घरी बघतो." एल्टर्नबायराटसाठी (इथली पालकांची समिती) नाव द्यायची वेळ आली की मी मोबाइलमध्ये डोकं घालते. नवऱ्याला सांगते भाषेमुळे. तसं नाहीये. जर्मन पासपोर्टचा अर्ज भरून झालाय, तरी पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत तसं वाटतं, आणि भांडण तोंडातल्या तोंडात राहतं.

नाशिकला असते तर पहिल्याच मीटिंगला उठून बोलले असते, असं मी ताईला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, काही नाही, शाळेत असताना सुद्धा तू सरांना शंका माझ्याकरवी विचारायचीस.