सलीमाच्या गळ्यातला ताईत

दिवाळीत रावेरला आत्याकडे गेले होते. तिला आता कमी ऐकू येतं, टीव्हीवरच्या मालिका तिने सोडूनच दिल्यात. म्हणून म्हटलं, ज्यात कुणी बोलतच नाही असं काहीतरी बघू. लॅपटॉपवर 'शिराज' लावला. १९२८ चा मूकपट. मधल्या इंग्रजी पाट्या मी तिच्या कानाशी मराठीत सांगत गेले.

ताजमहाल कसा उभा राहिला याची ही रचलेली गोष्ट आहे. एका काफिल्यावर हल्ला होतो आणि हसन नावाच्या कुंभाराला एक लहानगी पोर सापडते. तो तिला घरी आणतो, सलीमा म्हणून आपल्या मुलाबरोबर वाढवतो. तो मुलगा म्हणजे शिराज. मोठेपणी त्याचा तिच्यावर जीव जडतो. मग गुलामांचे व्यापारी तिला पळवतात, ती शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, महालात विकली जाते आणि शिराज तिच्या मागोमाग आग्र्याला जातो. शहजाद्यालाही सलीमा आवडते. डालिया नावाच्या मानकरणीच्या डावपेचांत शिराज सापडतो आणि त्याला हत्तीच्या पायाखाली द्यायचा हुकूम होतो.

हा प्रसंग बघाच. शिराज झालेत हिमांशु राय. जमिनीवर पडलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर हळूहळू खाली येणारा खऱ्या हत्तीचा पाय. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, पैसा आणि तंत्रज्ञ ब्रिटिश-जर्मन, पण पडद्यावरची माणसं सगळी आपली आणि चित्रीकरण इथलंच. सलीमाच्या भूमिकेत एनाक्षी रामा राव आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचं ऊन मला फार आवडलं. २०१७ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपटाची प्रत दुरुस्त केली आणि अनुष्का शंकरने त्याला नवं संगीत दिलं. ते संगीत आत्यापर्यंत पोचलं नाही, तरी तिचं काही अडलं नाही.

पण मला सांगायचंय ते ताईताबद्दल.

सलीमाजवळ लहानपणापासूनचा एक ताईत असतो. त्यावरून कळतं की ही राजघराण्यातली मुलगी. झालं! शहजाद्याचा मार्ग मोकळा. कालपर्यंत बाजारात विकत घेतलेली बांदी होती, आता बरोबरीची निघाली. लग्न लागतं, सलीमाची मुमताज महल होते.

गरीब-श्रीमंतांच्या प्रेमाच्या किती गोष्टी आपण 'केवढं धाडस' म्हणून डोळे पुसत बघतो! त्यातल्या कितीतरी असल्याच एका ताईतावर तरलेल्या असतात. कधी जन्मखूण, कधी लॉकेट, कधी जत्रेत हरवलेल्या पोरीचा जुना फोटो. प्रेम उंबरठ्याशी आलं की गोष्टच घाबरते आणि मुलीचं मूळ चांगलं होतं असं सांगून मोकळी होते. म्हणजे उंबरठा ओलांडला कुणी? कुणीच नाही. ज्याचं प्रेम खरोखर खालून वर बघत होतं, तो कुंभाराचा पोर वेशीबाहेरच राहिला. आणि ज्या हसनने तिला उचलून आणलं, खाऊ-पिऊ घातलं, त्याचं पोरीच्या घडण्यात काही नाही? ताईताने एका क्षणात त्या घराचं सगळं करणं पुसून टाकलं. मला याचा राग येतो, अगदी मनापासून येतो.

ताईताच्या प्रसंगाला आत्या म्हणाली, "म्हणजे हिचंही मूळ निघालं."

हा 'ही' कुठून आला ते मला माहीत होतं. आमचं घर केळीच्या बागांचं. आतोबांचे वडील आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी होते, तीस वर्षं. आतोबा शिकले, प्राथमिक शाळेत मास्तर झाले, आणि आत्याने लग्न करीन तर त्यांच्याशीच असं सांगितलं. दीड वर्ष घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मग कुणीतरी शोधून काढलं की आतोबांच्या पणज्याकडे एका गावची पाटीलकी होती, दुष्काळात सगळं गेलं. आजोबा एका रात्रीत विरघळले. लग्न वाजतगाजत झालं. पुढे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जावई मूळचे पाटील बरं का." सालदाराचा मुलगा असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले. आतोबांच्या वडिलांनी मात्र फेटा बांधून घेतला नाही, रोजची टोपी घालूनच ते पंगतीला बसले. आत्या सांगते, आतोबांनी ती टोपी शेवटपर्यंत कपाटात घडी करून ठेवली होती.

खरी मुमताज कुठल्याही कुंभाराच्या घरी वाढली नव्हती, हेही आत्याला सांगितलं. ती अर्जुमंद बानो, आसफ खानाची मुलगी, नूरजहानची भाची. तिचं लग्न १६१२ मध्ये झालं. १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती गेली ती आमच्या शेजारच्या बुऱ्हाणपूरला, आणि तिला आधी पुरलं तेही तापीपलीकडे झैनाबादला. "चौदावं?" आत्याने दोनदा विचारलं. मग बराच वेळ गप्प बसली.

'शिराज'ची कथा निरंजन पाल यांच्या नाटकावरून घेतली आहे. पाल, राय आणि ऑस्टेन या तिघांनीच पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये, मुंबईत मालाडला, १९३६ साली 'अछूत कन्या' केला. ब्राह्मणाचा प्रताप आणि रेल्वे फाटकवाल्याची कस्तुरी, म्हणजे अशोक कुमार आणि देविका राणी. आठ वर्षांत ही मंडळी केवढी पुढे आली! इथे मोगल नाहीत, महाल नाही, आपल्याच काळातलं खेडं आहे आणि जातीचं नाव उघड घेतलंय. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण जातीवर कुठला ताईत निघणार? कस्तुरीचं मूळ बदलता येत नव्हतं, मग तिला रेल्वेखाली मारावं लागलं. मरताना ती दुसऱ्यांचा जीव वाचवत असते, म्हणून आपण तिला देवी करतो. जगून प्रतापच्या घरात पाणी भरणारी कस्तुरी त्या काळच्या थिएटरातल्या किती जणांना चालली असती?

तरी 'शिराज' मी पुन्हा बघणार, तो शेवटासाठी. राणी झालेल्या सलीमाच्या महालाबाहेर शिराज वर्षानुवर्षं राहतो, म्हातारा होतो, त्याची दृष्टी जाते. ती गेल्यावर बादशहा स्मारकासाठी नमुने मागवतो आणि निवडला जातो तो या आंधळ्या माणसाचा. राणी कुणाची होती, हे विचारायला इथे कुणी ताईत काढत नाही. लहानपणापासून चाकावरची माती ज्या हातांना माहीत, त्यांना डोळे नसले तरी घुमटाची गोलाई चुकत नाही, हे मी मनाने भरलं, पाटीवर तसं काही नव्हतं.

आत्याला मी विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, "त्या हसनचं पुढे काय झालं गं?"

मी पुन्हा मागे नेऊन बघितलं. तिला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.