शाळेच्या वेळेत उसाची ट्रॉली गावाबाहेर थांबली पाहिजे

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या आईबापांसाठी आणि ऊस वाहतूकदारांसाठी हे लिहितेय. मागणी एकच आहे. गळीत हंगामात शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला भरलेली ट्रॉली शाळेवरून जाऊ नये. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर तिनं गावाबाहेर थांबावं.

रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळेत चित्रं काढून घेतात, डावीउजवीकडं बघून रस्ता ओलांडा म्हणून शिकवतात. शिकवावंच. पण दुसरी-तिसरीतल्या पोराला समोरचं वाहन किती वेगानं येतंय याचा अंदाज बांधता येत नाही. ती समज यायला नऊ-दहा वर्षांचं व्हावं लागतं. शिवाय उंची एवढीशी, की उभ्या गाडीआडून ते डोकावलं तर ड्रायव्हरला दिसतच नाही. अशा पोरावर सगळी जबाबदारी टाकून आपण मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

आपल्याकडचे रस्ते तुम्ही रोज बघता. कर्नाटकात सगळ्यात जास्त ऊस बेळगाव जिल्ह्यात पिकतो, आणि सीमाभागातला बराच ऊस पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांनाही जातो. त्यामुळं भोज, कारदगा, बोरगाव, सदलग्याकडच्या रस्त्यांवर हंगामात दोन्ही दिशांनी ट्रॅक्टर चालू असतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरनं ब्रेक दाबला तरी मागचं सगळं वजन त्याला पुढं ढकलत राहतं. उसाचे शेंडे बाजूला हातभर बाहेर आलेले असतात. साइडपट्टी खचलेली, त्यामुळं सायकलवरचं पोर डांबरावरच असतं. अंधार लवकर पडायच्या दिवसांत मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यात बंद पडली, की मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि ऊस ओढणं! हे कुठल्याच सुरक्षा सप्ताहात कुणी बोलत नाही. ट्रॉली जरा हळू झाली की पोरं मागं पळतात, मोळीतला ऊस धरून लोंबकळतात. ऊस एकदम सुटला की पोर रस्त्यावर पडतं, आणि पुढच्या ट्रॉलीचा ऊस ओढत असेल तर मागच्या ट्रॉलीचं चाक तिथंच असतं. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतात, ड्रायव्हरला ओरडणं ऐकू जात नाही. पोरांना रागवा, जरूर रागवा. पण ऊस बघून पोरं पळणारच, तेव्हा त्या वेळेला तिथं ट्रॉलीच नसणं हा खरा उपाय आहे.

शाळेपुढच्या हंपचंही सांगते. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणं हंप गाडी जाते त्या दिशेनं 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या आसपास गाडी नीट जाते. आपल्याकडं अरुंद आणि उंच उंचवटा घालून ठेवतात. धक्क्यानं मोळ्या सुटतात म्हणून ट्रॅक्टरवाला एक चाक कडेनं काढतो. आणि कडेनंच मुलं चालत असतात.

मी ड्रायव्हरला एकट्याला दोष देत नाही. त्याला पैसे टनावर मिळतात. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्र गाडीखाली काढायची आणि सकाळी परत फडात खेपेला जायचं. तो स्वतःहून तासभर थांबला तर नुकसान त्याचंच. म्हणून हा नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, आणि तो घालायची जागा म्हणजे तोडणी-वाहतुकीचा करार. हे करार हंगामाच्या कितीतरी आधी होतात. त्यात शाळेच्या वेळा, रिफ्लेक्टर, दोनऐवजी एक ट्रॉली कुठल्या रस्त्यांवर, हे लिहून घेता येतं. कुठल्या फडातला ऊस कधी निघतो हे चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं. गावातली शाळा कधी सुटते हेही त्याला माहीत करून द्यायला काय अवघड आहे? कारखाना सीमेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, पोरं आपलीच आहेत.

नववी-दहावीच्या पोरांच्या हातात गाडी देणाऱ्यांना एवढंच सांगते: मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं सोडा, त्याच रस्त्यावर त्या ट्रॉल्या आहेत.

कर्नाटकात ग्रामपंचायतीला मुलांची वेगळी ग्रामसभा, मक्कळ ग्रामसभा, घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती होते. यंदा सातवी-आठवीच्या मुलांना घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढू द्या. कुठं भीती वाटते तिथं लाल खूण करू द्या. तो नकाशा ठरावासोबत जोडला, तर पंचायतीला हंप, साइडपट्टी आणि ट्रॉलीच्या वेळा यावर उत्तर द्यावं लागेल.

एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीवर, असलेल्या पालकांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. निवेदन कन्नड आणि मराठी दोन्हीत करा, एक प्रत पंचायतीला, एक पोलीस ठाण्याला आणि एक थेट कारखान्याच्या शेती विभागाला. मसुदा लिहायला मी बसते. ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्यांनी ट्रॉल्या थांबवायला आपापल्या गावाबाहेर कुठली जागा सोयीची आहे ते कळवा, ती त्यातच लिहू.